सह्याद्रीतली गोगलगाय आणि माळावरचा लांडगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांडगा आणि गोगलगाय यांची तुलना करायचीच कशाला?

दोघंही महाराष्ट्राचे रहिवासी आहेत आणि प्राणिशास्त्राच्या वहीत दोघांची नोंद एकाच मापाने होते: एक प्रजाती, म्हणजे एक नोंद. तिथे वजन, उंची, डरकाळी यांचा हिशेब नसतो. बाहेर मात्र चित्र उलटं आहे. लांडगा दिसला की बातमी होते. घाटातल्या कड्यावर एखादी गोगलगायीची जात संपली, तर ती संपल्याचं कळायलाच कित्येक वर्षं जातील.

शिवाय दोघांना शेजारी ठेवलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. लांडग्याच्या एका कुटुंबाला जगायला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर मुलूख लागतो. त्या गोगलगायीला ओल्या कातळाचा एक पट्टा पुरतो, पण तोच लागतो. दोघांच्या अडचणीचं मूळ इथेच आहे.

इथे नेमकी कोणती गोगलगाय आणि कोणता लांडगा?

लांडगा म्हणजे आपला दख्खनी माळावरचा भारतीय लांडगा, कॅनिस ल्युपस पॅलिपेस. कर्नल विल्यम साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी छापली, तीत या लांडग्याचं वर्णन पहिल्यांदा आलं. म्हणजे जगभर या उपप्रजातीचं जे नाव चालतं, ते आपल्या मुलखातून गेलेलं आहे.

गोगलगाय आहे क्रेम्नोकॉन्कस या वंशातली. हिला मराठीत वेगळं नाव नाही. घाटातली माणसं तिच्याकडे पाहिलंच तर बारीक शंखी म्हणतात आणि पुढे जातात. विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड या भूशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये या वंशाला हे नाव दिलं. त्याआधी त्याने दिलेलं नाव एका माशाच्या वंशाला आधीच दिलेलं निघालं, म्हणून ते बदलावं लागलं.

सोयाबीनचा फडशा पाडणारी गोगलगाय हीच का?

नाही. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीड भागात सोयाबीनची रोपं ज्यांनी खाल्ली त्या जमिनीवरच्या गोगलगायी. त्या आकाराने कितीतरी मोठ्या, आणि नात्यानेही लांबच्या.

क्रेम्नोकॉन्कसमध्ये एवढं विशेष काय आहे?

ती लिटोरिनिडी कुळातली आहे, आणि हे सगळं कूळ समुद्राचं आहे. रत्नागिरी, मालवण, अलिबागच्या खडकांवर भरती-ओहोटीच्या रेषेत चिकटलेल्या बारीक, टोकदार शंख्या तुम्ही पाहिल्या असतील. ओहोटी लागली की त्या तोंडावरची झाकणी लावून घेतात आणि पुन्हा लाट येईपर्यंत उन्हात तग धरतात. या कुळातल्या सगळ्या जातींमध्ये गोड्या पाण्यात राहायला गेलेली शाखा एकच, आणि ती जगात फक्त पश्चिम घाटात आहे.

ही शाखा राहते साधारण ३०० ते १४०० मीटर उंचीवर: धबधब्याच्या तुषारांनी सतत ओल्या असलेल्या कड्यांवर आणि पावसाळी ओढ्यांच्या कातळात. विचार केला तर जागेची निवड समजते. समुद्रकाठचा खडक दिवसातून दोनदा भिजतो आणि दोनदा सुकतो, घाटातला कडा वर्षातून एकदा भिजतो आणि एकदा सुकतो. झाकणी लावून दम धरायची पूर्वजांची सवय इथे कामी आली. पावसाळा सरला की या गोगलगायी खडकाच्या चिरांमध्ये शिरतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात.

जवळून पाहायची असेल तर भिंग हवं. पूर्ण वाढलेल्या गोगलगायीची उंची मिलिमीटरमध्येच मोजावी लागते, बहुतेक वेळा ती तुमच्या करंगळीच्या नखावर मावेल. आधी काळ्या बेसॉल्टवर काळपट ठिपकेच दिसतात. मग त्यांतला एक ठिपका सरकतो. शंखाच्या कडेखालून दोन बारीक शिंगं बाहेर येतात, पाण्याचा थेंब आपटला की आत जातात, पुन्हा बाहेर येतात. पावसाने धुतलेल्या, निसरड्या उभ्या कातळावर ती आपल्या एका मांसल पायाच्या जोरावर चिकटून असते, आणि वरून पाणी कोसळत असतानाही खात असते.

या गोगलगायीच्या जाती किती?

शंभराहून जास्त वर्षं तीनच माहीत होत्या, तिन्ही महाराष्ट्रातल्या. त्यांतली क्रेम्नोकॉन्कस कॅरिनेटस महाबळेश्वरच्या भागातून १८५५ मध्येच नोंदली गेली होती, अर्थात तेव्हा दुसऱ्या वंशाच्या नावाखाली. २०१३ मध्ये डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद आणि एन. ए. मध्यस्थ यांनी सगळ्या वंशाची नव्याने तपासणी केली आणि कर्नाटकातल्या घाटातून सहा नव्या जातींचं वर्णन केलं. एकूण झाल्या नऊ. नव्यांपैकी एकीचं नाव आगुंब्यावरून आहे, एकीचं हनुमानावरून.

जाती ओळखताना त्यांनी शंखाचा आकार, जिभेवरच्या दातांची रचना, जननेंद्रियांची ठेवण आणि डीएनए, अशा चारही गोष्टी पाहिल्या. नुसत्या शंखावर विसंबून चालत नाही. एकाच जातीचे शंख दोन ओढ्यांत वेगळे दिसू शकतात, आणि दोन जातींचे शंख सारखे.

आणि लांडग्याच्या?

करडा लांडगा ही एकच प्रजाती. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेत पसरलेली. अलास्कातला लांडगा आणि सोलापूरचा लांडगा शास्त्राच्या हिशेबात अजूनही एकाच नावाखाली येतात, जरी आपला लांडगा अंगाने पुष्कळ लहान असला तरी. भारतीय लांडग्याचं वजन साधारण २० किलोच्या आसपास, केस आखूड, अंगावर मातकट रंग.

पण आतलं चित्र गुंतागुंतीचं आहे. जनुकीय अभ्यासांतून दिसलं आहे की भारतीय लांडगा आणि हिमालयातला लांडगा या जगातल्या लांडग्यांच्या फार जुन्या, वेगळ्या पडलेल्या शाखा आहेत. म्हणून आपल्याकडचा लांडगा गेला तर तिकडे कॅनडात लांडगे आहेतच की, हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. तो गेला तर गेलाच.

दोघांचा शेवटचा समान पूर्वज कधी होऊन गेला?

५५ कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याच्याही आधी, समुद्रात. पाठकणा असलेल्यांची वाट आणि मृदुकायांची, म्हणजे गोगलगायीसारख्या मऊ अंगाच्या जिवांची, वाट तिथे फुटली. तरी काही गोष्टी दोघांनी सोबत आणल्या. शरीराचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे गर्भात ठरवणारी जनुकं दोघांत एकाच घराण्यातली आहेत. डोळा घडवण्याच्या कामी येणारं पॅक्स-६ हे जनुकही दोघांत आहे.

रक्त दोघांचं लालच असतं का?

लांडग्याचं लाल, कारण त्यात लोह असलेलं हिमोग्लोबिन. बहुतेक गोगलगायींच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम तांबं असलेलं हिमोसायनिन करतं, त्यामुळे त्याला निळसर झाक येते. पण गावतळ्यात सापडणारी चपट्या, चकलीसारख्या वेटोळ्या शंखाची इंडोप्लॅनॉर्बिस याला अपवाद. तिच्या रक्तात हिमोग्लोबिनच असतं. कमी प्राणवायूच्या साचलेल्या पाण्यात तिला त्याचा उपयोग होतो.

दात कुणाचे जास्त?

गोगलगायीचे, आणि फरक मोठा आहे. लांडग्याला ४२ दात. मागच्या दाढांपैकी एक जोडी कात्रीसारखी एकमेकींवरून घसरते आणि मांस कापते. गोगलगायीच्या तोंडात रेतिका नावाची फीत असते, कानशीसारखी खरखरीत. क्रेम्नोकॉन्कसच्या कुळात या फितीवर प्रत्येक ओळीत सात दात असतात, आणि अशा ओळीवर ओळी. पुढच्या ओळी झिजत जातात, मागून नव्या पुढे सरकतात. या फितीने ती खडकावरचं शेवाळ खरवडून खाते.

गोगलगाय श्वास कशी घेते?

गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची इथे एकवाक्यता नाही. काहींना कल्ले असतात, काहींना फुप्फुसासारखी पोकळी. भातखाचरात आणि तळ्यात सापडणाऱ्या पायला या मोठ्या गोगलगायीला दोन्ही असतात. ज्यांनी बी. एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं त्यांना हिचं विच्छेदन आठवत असेल. पाण्यात असताना ती कल्ल्याने श्वास घेते, पाणी गढूळलं किंवा आटलं की हवा घेते. तळं पार सुकलं तर झाकणी घट्ट मिटून चिखलात पडून राहते. एकाच शरीरात इतकी तयारी ठेवलेला जीव मंद म्हणून हिणवला जातो, याचं मला वाईट वाटतं.

पिल्लं कोण कशी वाढवतं?

इथे दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. लांडग्याचं सगळं घर पिल्लांभोवती फिरतं. साधारण ६०-६३ दिवसांच्या गर्भारपणानंतर हिवाळ्यात, बहुधा डिसेंबर-जानेवारीत, पिल्लं होतात. बीळ ओढ्याच्या दरडीत, झुडपाखाली, कधी साळिंदराने सोडलेल्या भोकात. पिल्लं आंधळी जन्मतात, डोळे दोनेक आठवड्यांनी उघडतात. नर आणि कळपातले इतर मोठे शिकार करून येतात, पोटातलं मांस बिळाच्या तोंडाशी ओकून पिल्लांना भरवतात. आदल्या वर्षीची भावंडंही यात हात लावतात.

गोगलगायींत असं पालनपोषण सहसा नसतं. अंडी योग्य जागी घालणं, एवढीच आईची जबाबदारी. क्रेम्नोकॉन्कस आणि पायलामध्ये नर-मादी वेगळे असतात. इंडोप्लॅनॉर्बिस मात्र उभयलिंगी आहे आणि एकटी पडली तर स्वतःच स्वतःची अंडी फलित करू शकते. त्यामुळे एखाद्या नव्या शेततळ्यात एकच गोगलगाय पोचली तरी काही महिन्यांत तिथे तिचं खानदान दिसू शकतं. लांडग्याला हे शक्य नाही, आणि कड्यावरच्या क्रेम्नोकॉन्कसलाही नाही.

मेंढपाळाचं जास्त नुकसान कोण करतं?

हा प्रश्न लोक लांडग्याबद्दल विचारतात. मी त्यात गोगलगायीलाही ओढतो, कारण ती तिथे खरोखर आहे.

लांडग्याने केलेलं नुकसान दिसतं. रात्री वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं कोंडलेली असतात, कुत्री भुंकतात, सकाळी एक कोकरू कमी भरतं, माळावर रक्ताचा माग असतो. धनगराच्या घरचं ते रोख भांडवल असतं. ते जाणं क्षुल्लक आहे असं शहरात बसून कुणी म्हणू नये.

दुसरं नुकसान दिसत नाही. लिम्निया गटातल्या तळ्यातल्या गोगलगायींच्या अंगात लिव्हर फ्लूक या चपट्या कृमीची अर्धी वाढ होते. तिथून बाहेर पडलेली अळी पाणथळीतल्या गवताला चिकटते. मेंढी ते गवत खाते आणि कृमी तिच्या यकृतात जाऊन बसतात. जनावर खंगतं, जबड्याखाली सूज येते, लोकर गळते, आणि मरतं तेव्हा दोष रोगराईला किंवा चाऱ्याला दिला जातो. इंडोप्लॅनॉर्बिसमधून पसरणारा आणखी एक कृमी गुरांच्या नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहतो, मग ते जनावर घोरल्यासारखा आवाज करत श्वास घेतं.

म्हणून माझं सरळ मत असं: कळपाचं खरंच भलं करायचं असेल तर राखणीला चांगली कुत्री आणि रात्रीचा पक्का बंदोबस्त हवा, आणि तितक्याच नेमाने पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशकही द्यायला हवं. लांडग्याच्या बिळात धूर करून पिल्लं मारल्याने यातलं एकही काम होत नाही.

क्रेम्नोकॉन्कसचं नाव मात्र या रोगांशी जोडू नये. तिचं ठिकाण कडा आहे, चराईची पाणथळ नव्हे.

लांडग्याने मेंढरू नेलं तर भरपाई मिळते का?

मिळते. वन विभागाला लगेच कळवायचं, मेलेलं जनावर हलवायचं नाही आणि पंचनामा करून घ्यायचा. रक्कम शासन निर्णयानुसार ठरते आणि वेळोवेळी बदलते, म्हणून चालू दर जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावा. फिरस्त्या मेंढपाळांची खरी अडचण वेळेची असते. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, पुढच्या गावाला निघालेला असतो.

माणसाला यांच्यापासून धोका आहे का?

लांडग्याकडून हल्ले होतात, हे नाकारून चालणार नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लहान मुलांचे जीव गेले. पिसाळलेला लांडगाही धोकादायक असतो, त्याने चावा घेतला तर कुत्र्याच्या चाव्यासारखंच तातडीने रेबीजचं पूर्ण उपचारचक्र घ्यावं लागतं. पण महाराष्ट्रातल्या माळांवर लांडगे आणि मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या एकाच रानात राहत आले आहेत, आणि माणूस दिसला की वाट बदलणं हीच लांडग्याची नेहमीची रीत.

गोगलगायींच्या बाबतीत महाराष्ट्राला एक स्वतःचा इतिहास आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. शिस्टोसोमियासिस हा गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमार्फत पसरणारा रोग आफ्रिकेत लाखोंना होतो. भारतात तो जवळजवळ नाहीच. पण १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण या रोगाचे असल्याचं गाडगीळ आणि शहा यांनी दाखवून दिलं. वाहक म्हणून फेरिशिया टेन्युइस या अगदी बारीक, टोपीसारख्या शंखाच्या गोगलगायीकडे बोट दाखवलं गेलं. पुढे तिथला प्रादुर्भाव आटोक्यात आला.

कायद्याने दोघांना संरक्षण आहे का?

लांडगा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. शंख-शिंपल्यांपैकी काही समुद्री जाती या कायद्याच्या यादीत आहेत. क्रेम्नोकॉन्कस नाही.

धोक्यात जास्त कोण आहे?

भारतात लांडगे सुमारे ३,००० असावेत असा अंदाज आहे. वाघांपेक्षा हा आकडा कमी आहे, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. त्यांचा बहुतेक मुक्काम अभयारण्यांबाहेर आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, सुप्याजवळचं मयूरेश्वर, ही ठिकाणं महत्त्वाची आहेत, पण आकाराने लहान. लांडगा त्यांच्या हद्दीत मावत नाही. तो सासवड-बारामतीच्या, सोलापूर-नगरच्या खासगी आणि गायरान माळांवर फिरतो, आणि हे माळ कागदोपत्री पडीक म्हणून नोंदलेले असतात. पडीक म्हटलं की तिथे प्लॉट पाडायला, खडी क्रशर टाकायला किंवा अगदी सद्‌हेतूने झाडं लावायलाही कुणाची हरकत राहत नाही. गवताळ माळावर दाट झाडी उभी करणं म्हणजे काळवीट, चिंकारा, माळढोक आणि लांडगा यांच्या घरावर दुसऱ्याचं घर बांधणं. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण हे नुकसान चांगली माणसं टाळ्यांच्या गजरात करतात.

दुसरा धोका कुत्र्यांचा. मोकाट कुत्री वाढली की रोग येतात आणि संकरही होतो. महाराष्ट्रातल्या एका संशयित प्राण्याच्या जनुकांवरून लांडगा-कुत्रा संकराची खात्री पटली, तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

गोगलगायीचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तिची संख्या एखाद्या कड्यावर भरपूर दिसेल, पण तो कडा म्हणजेच तिच्या जगाचा मोठा भाग असू शकतो. घाटरस्ता रुंद करताना डोंगर कापला, वरच्या पठारावर हॉटेलांचं सांडपाणी ओढ्यात सुटलं, पाणी वळवलं आणि कातळ सुकला, तर पळून जायला तिला पाय आहे पण वेग नाही, आणि शेजारचा ओला कडा मधल्या कोरड्या डोंगराच्या पलीकडे असतो. इ. स. १५०० नंतर जगात नामशेष झालेल्या प्राण्यांची जी नोंद आहे, तीत सर्वाधिक प्रजाती मृदुकायांच्या आहेत.

तेव्हा उत्तर द्यायचंच झालं तर: उद्या सगळ्या भारतातून लांडगा नाहीसा होईल असं नाही. गोगलगायीची एखादी जात मात्र एका ठेकेदाराच्या एका हंगामात जाऊ शकते.

गोगलगाय गेल्याने काय बिघडतं?

पायलासारख्या गोगलगायी मुग्धबलाकाचं मुख्य खाद्य. या करकोच्याच्या चोचीत मध्ये फट असते आणि शंखातला जीव काढण्यात तो तरबेज असतो. कड्यावरच्या क्रेम्नोकॉन्कसच्या भोवतालची अन्नसाखळी इतकी तपशिलात मांडलेली नाही. पण समुद्राच्या कुळातला जीव डोंगरावर येऊन राहिल्याचं जे एकमेव उदाहरण या कुळात आहे, ते आपल्या दारात आहे. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

दोघांना पाहायचं असेल तर कुठे, कधी?

लांडग्यासाठी हिवाळ्यातली पहाट आणि उघडा माळ, सोबत त्या भागातला जाणता माणूस किंवा वन विभागाचा गाइड. गाडीतून उतरू नका. बीळ सापडलं तर जागा कुणालाही सांगू नका, फोटोवर ठिकाण टाकू नका. पिल्लांच्या दिवसांत माणसांची वर्दळ वाढली की लांडगीण पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, आणि त्या धावपळीत पिल्लं दगावू शकतात.

गोगलगायीसाठी जुलै ते सप्टेंबर, महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्यावर, रस्त्याकडेचा पाझरता कातळ. धबधब्याच्या धारेखाली जायची गरज नाही, कडेचा ओला भाग पुरतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या. दगड उलथू नका, साबण-शाम्पू घेऊन धबधब्यात उतरू नका.

मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी गोगलगाय घरी आणली तर चालेल का?

क्रेम्नोकॉन्कस आणू नका. काचेच्या टाकीत तिला कड्यासारखं वाहतं, थंड, हवेने भरलेलं पाणी मिळत नाही. गावतळ्यातली पायला किंवा चपटी इंडोप्लॅनॉर्बिस चार दिवस बरणीत ठेवता येईल. पाणी त्याच तळ्याचं वापरा, हात लावल्यावर साबणाने धुवा, आणि नंतर ती त्याच तळ्यात सोडा, दुसऱ्या नाही. दुकानातून मत्स्यालयासाठी आणलेल्या परदेशी गोगलगायी तर कधीच बाहेरच्या पाण्यात सोडू नयेत. बरणीच्या काचेवर शेवाळाचा पातळ थर येऊ द्या, मग बाहेरून भिंग धरलं की तिची रेतिका काच खरवडताना मुलांना स्पष्ट दिसते.